कलम ९ वाचलं तेव्हा इसार देऊन झाला होता

बँकेला आमच्या भाडेकराराची प्रत हवी होती. माझ्या आधारवर अजून सासरचा बार्शीचा पत्ता आहे, म्हणून ‘सध्या राहता तिथला नोंदणीकृत करार जोडा’ असं कर्ज विभागातल्या मॅडमनी सांगितलं. २०२५ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर मी सोलापूरच्या सात रस्त्याला उतरले आणि झेरॉक्सच्या दुकानात करार दिला. दुकानातल्या मुलानं पिन काढली तसं एक पान सुटून खाली पडलं. ते उचलून देताना माझी नजर कलम ९ वर गेली.

‘सदर करारातील पहिले १८ महिने हा लॉक-इन कालावधी राहील. सदर मुदतीत उभयतांपैकी कोणासही करार संपुष्टात आणता येणार नाही. परवानाधारकाने मुदतीपूर्वी जागा सोडल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे मासिक शुल्क देणे त्यांजवर बंधनकारक राहील.’

परवानाधारक म्हणजे आम्ही. सही माझ्या नवऱ्याची, साक्षीदार म्हणून माझी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. सुताच्या बिलातली चाळीस रुपयांची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण स्वतःच्या घराचा करार मी आठ महिन्यांत एकदाही पूर्ण वाचला नव्हता. एजंटानं सगळं तोंडी सांगितलं होतं: भाडं ९,०००, डिपॉझिट ३०,०००, मुदत दोन वर्षं. लॉक-इनचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. करार १ जून २०२४ ला सुरू झालेला. अठरा महिने म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५. आम्ही मार्चअखेर घर सोडायचं धरून चाललो होतो. एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने, नव्वे आठ बहात्तर. ७२,००० रुपये. डिपॉझिट सगळं गेलं तरी वर ४२,००० देणं.

आणि आठच दिवसांपूर्वी आम्ही नव्या घराचा एक लाखाचा इसार देऊन बसलो होतो. व्यवहार आमच्याकडून मोडला तर इसार परत मिळणार नाही, हे त्या पावतीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती पावती मात्र मी दोनदा वाचली होती.

आता ते घर आम्हाला का हवं होतं, ते सांगते. सोलापुरात आल्यापासून सहा वर्षांत आमचं हे चौथं भाड्याचं घर. आमच्याकडे घर बघायला गेलेला माणूस हॉल-किचनच्या आधी पाण्याचं विचारतो. किती दिवसांआड येतं, किती वेळ टिकतं, टाकी केवढी, बोअर आहे का. उजनी धरण भरलेलं असो नाही तर रिकामं, नळाला पाणी चार-पाच दिवसांनीच येणार, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. जुळे सोलापुरातल्या आमच्या या फ्लॅटला बोअर नव्हतं आणि टाकी सहा बिऱ्हाडांत मिळून एक. पाण्याचा दिवस आला की पहाटे तीनला उठून दोन लोखंडी पिंपं, सगळी पातेली, बादल्या भरायच्या. नवरा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्याची कधी रात्रपाळी. मग मी एकटी. लेक सहा वर्षांची, तीही उठून तांब्या घेऊन मागे फिरायची.

विजापूर रोडला सैफुलच्या पुढे एक फ्लॅट विकायचा आहे, हे नवऱ्याला लॅबमध्येच कळलं. घरमालक सरकारी नोकरीत, बदली होऊन चाललेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून किंमत २८ लाखांवर आलेली. खाली मोठी टाकी, बोअर, भोगवटा प्रमाणपत्र झालेली इमारत. आम्ही घर बघितलं ते डिसेंबरात. धनुर्मासात व्यवहाराचं बोलायचं नाही असं त्या घरच्या आजींचं म्हणणं, म्हणून संक्रांतीपर्यंत थांबलो. गड्ड्याच्या यात्रेत लेकीला पाळण्यात बसवून आणलं आणि त्याच आठवड्यात इसार दिला. त्या दिवसांत आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आपण राहतो ते घरही कुणाचं तरी आहे आणि त्यालाही हे सांगायला हवं, एवढंच डोक्यात आलं नाही.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला. ‘भाडं द्यायचं बंद करा. तीन महिने गेले की डिपॉझिट भाड्यात वळतं झालं म्हणायचं, किल्ली द्यायची आणि निघायचं. म्हातारा माणूस कोर्टात थोडीच जाणार आहे?’ कारखान्यातले एक जण तर म्हणाले, सगळे असंच करतात. करत असतीलही. पण आमचा करार नोंदणी झालेला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नं असा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. आमच्या घरमालक काकांनी ती पाळली होती. करार तोंडी असता तर अटी काय होत्या यावर वाद घालता आला असता. इथे प्रत्येक अट कागदावर होती आणि खाली आमची सही, अंगठा, फोटो. शिवाय मला ते पटतच नव्हतं. ज्या माणसानं आम्हाला घर दिलं, पहिल्या महिन्यात सिंकचा नळ गळतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः वॉशर घेऊन आले, त्यांना फसवून नव्या घराचा उंबरा ओलांडायचा नव्हता.

रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. काका-अम्मा अजून पूर्व भागातल्या जुन्या घरात राहतात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला. बोळात एका बाजूला मागाचा खडखडाट, दुसऱ्या बाजूला ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायका. काकांनी गिरणीत तीस वर्षं काढली. गिरणी बंद पडल्यावर मिळालेले पैसे आणि अम्मांच्या विड्यांतून साठलेले पैसे असं मिळून जुळे सोलापुरातला तो फ्लॅट घेतला. मुलासाठी घेतला होता, पण मुलगा पुण्यात स्थिरावला. म्हणून भाड्यानं.

चहा झाला. नवऱ्यानं सांगितलं, घर घेतलंय, इसार दिलाय, मार्चअखेर निघायचं म्हणतोय. काका काही बोलले नाहीत. अम्मा आधी हसल्या, तेलुगूत काही तरी पुटपुटल्या, लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग काका म्हणाले,

“इसार कधी दिला?”

“संक्रांतीनंतर.”

“म्हणजे पंधरा दिवस झाले. आणि आज सांगायलालाव.”

त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ते उठून आतून त्यांची कराराची प्रत घेऊन आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. कलम ९ त्यांनी काढलं नाही, त्यांना ते पाठच होतं.

“हे अठरा महिने मी उगंच नाही लिवून घेतलं,” ते म्हणाले. “तुमच्या आधीचा भाडेकरू पाच महिन्यांत गेला. दिवाळीच्या तोंडावर. घर मेपर्यंत तसंच पडलं. सोलापुरात घरं बदलतात ती मे महिन्यात, शाळा सुटल्यावर. मधल्या दिवसांत कोण येतंय? मार्चमध्ये तुम्ही गेला तर मी काय करायचं सांगा.”

गिरणीची पेन्शन दोन हजारांच्याही आत. अम्मांना शुगर, शिवाय तंबाखूच्या धुरळ्यात चाळीस वर्षं काढल्यानं छातीचं दुखणं. औषधं, तपासण्या, रिक्षा, सगळं त्या ९,००० वर चालतं. हे त्यांनी रडगाणं म्हणून सांगितलं नाही, महिन्याचा ताळा मांडावा तसं मांडलं. मला एकदम जाणवलं की कराराकडे आम्ही फक्त आमच्या बाजूनं बघत होतो. लॉक-इन मला आमच्या पायातली बेडी वाटत होती. त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते अठरा महिन्यांचं औषध होतं. आणि त्याच कलमानं त्यांनाही बांधलं होतं. जास्त भाडं देणारा कुणी आला असता तरी ते आम्हाला काढू शकले नसते.

मी म्हटलं, “काका, चूक आमची आहे. इसार द्यायच्या आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. तुमचं घर एक महिनाही रिकामं राहणार नाही, एवढं आम्ही बघतो. कसं करायचं ते तुम्ही सांगा.”

ते म्हणाले, “बघू की. मुलाशी बोलतो.”

निघताना अम्मांनी मला दारात थांबवलं. “घर कुणाच्या नावावर घेतलालाव?” मी म्हटलं, दोघांच्या. त्यांनी मान हलवली. “तुझ्या नावावर कर बघ. हे घर माझ्या नावावर हाय. विड्या मी वळलेत न.” खरंच, करारात मालक म्हणून नाव अम्मांचंच आहे. व्यवहार काका बघतात म्हणून आम्हाला त्याचा विसर पडला होता.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या. घर सोडणं आणि घर घेणं ही दोन कामं आम्ही वेगवेगळी धरली होती, आणि गोंधळ तिथेच होता. खरेदीखताच्या दिवशी आमच्या हिश्श्याची सगळी रक्कम हातात हवी. त्या रकमेत आम्ही डिपॉझिटचे ३०,००० धरले होते. पण डिपॉझिट मिळणार घर सोडल्यावर, घर सोडणार नव्या घराची किल्ली मिळाल्यावर, आणि किल्ली मिळणार खरेदीखत झाल्यावर. म्हणजे जे पैसे आम्ही आधी खर्चाला लावले होते ते सगळ्यात शेवटी येणार होते. बहात्तर हजारांचा प्रश्न सुटला असता तरी हे तीस हजार त्या दिवशी नसतेच.

आमचा हिशेब असा होता. किंमत २८ लाख. बँकेच्या माणसानं घराचं मूल्यांकन २७ लाख केलं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, पण आमच्या दोघांच्या पगारांवर मंजूर झाले २३ लाख. वरचे पाच लाख आमचे. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, जुन्या मालकीच्या नोंदी तपासल्याचा वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रोसेसिंग फी. हे वरचे खर्च कर्जात बसत नाहीत, ते खिशातूनच जातात, हे घर घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं. आमची जमवाजमव नवऱ्याच्या पीएफमधून काढलेली रक्कम, बचत आणि माझ्या पाटल्यांवर काढलेलं एक लाखाचं सोनेतारण अशी होती. सगळं मिळून ६ लाख ६० हजार. गरज मात्र त्याहून चौतीस-पस्तीस हजारांनी जास्त होती. शेवटी नवऱ्याच्या पतसंस्थेतून ३५,००० उचलले. ते डिपॉझिटची जागा भरायला होते, आणि डिपॉझिट आलं की आधी तेच फेडायचं, असं ठरवून टाकलं.

काकांचा फोन बुधवारी आला. रविवारी या, कागद घेऊन या, एवढंच बोलले.

९ फेब्रुवारीला आम्ही पुन्हा गेलो. भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांनी मांडीवर घेतली होती. त्यांच्या मुलानं फोनवरून सांगितलं होतं की पूर्ण ७२,००० मागायचा हक्क आहे. काका म्हणाले, “हक्क हाय, पण घर माझं दुसऱ्याला दिलं तर मी दोन्हीकडनं भाडं घ्यायचं का? ते बरोबर नाही.” मी हे वाक्य जन्मात विसरणार नाही. आम्ही काही मागायच्या आधी त्यांनीच ते म्हटलं होतं.

मग त्यांनी एकेक बोलायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. आम्ही पाडव्याला गेलो तरी एप्रिलचं भाडं आमच्याकडे. तोपर्यंत नवा भाडेकरू आम्ही शोधायचा, पसंत काकांनी करायचा. एप्रिलअखेर कुणी नाही मिळालं तर मेचंही भाडं आम्ही द्यायचं. त्यानंतर आम्ही मोकळे. नव्या करारनाम्याचा खर्च आमचा. डिपॉझिट किल्ली दिल्यापासून आठ दिवसांत, वीजबिल आणि मोडतोड वजा करून. कलम ९ प्रमाणे उरलेल्या महिन्यांची मागणी काका करणार नाहीत, हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं.

हे वहीत लिहून भागलं नसतं. शंभराच्या स्टॅम्पपेपरचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, म्हणून पाचशेचा आणला. दोन साक्षीदार, आमच्या सह्या, आणि मालकीण म्हणून अम्मांची सही. अम्मा तेलुगूत सही करतात. त्यांनी अक्षर अक्षर जुळवून केली. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. प्रेमानं बोललेलं प्रेमानंच पाळलं जाईल यावर माझा विश्वास आहे, पण त्यांचा मुलगा पुण्याहून आला, किंवा काकांना काही झालं, तर आमच्यात काय ठरलं होतं हे कुणाला तरी वाचता आलं पाहिजे.

त्यानंतरचा महिना बँक, वकील आणि कारखाना यांत गेला. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला. जुळे सोलापूर, सैफुल हा सगळा भाग पूर्वी शेतजमिनीचा, त्यामुळे बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र असं एकेक लावून बघितलं. सोसायटीचं ना हरकत पत्र मिळायला दोन आठवडे गेले, कारण अध्यक्ष गावाला होते. या टप्प्याबद्दल मला विशेष सांगण्यासारखं काही नाही. कागद मागतात, आपण देतो, ते आणखी एक मागतात.

अम्मांचं ऐकून आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. नवरा कर्जात सहकर्जदार आहे, मालकीत नाही. ते आधी आमच्या घरात थोडं अवघड गेलं. सासऱ्यांना वाटलं, मुलाचं नाव का नाही? मग मी आकडा सांगितला. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आमच्याकडे एरवी स्थानिक अधिभारासह सहा टक्के लागतात, माझ्या नावावर पाच लागले. २८ लाखांवर १,४०,०००. दोघांच्या नावावर घेतलं असतं तर १,६८,०००. सवलतीत घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नाही अशी अट आधी होती, तीही २०२३ मध्ये निघाली. अठ्ठावीस हजार वाचले म्हटल्यावर सासरे गप्प झाले. पण खरं सांगायचं तर मला त्या अठ्ठावीस हजारांपेक्षा अम्मांचं “विड्या मी वळलेत न” हे जास्त लागलं होतं. या घराच्या हप्त्यात माझाही पगार जाणार आहे.

मार्च लागला तशी चर्चा सुरू झाली की एक एप्रिलपासून रेडीरेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेले जागांचे दर, वाढणार. विकणारे गृहस्थ घाईला आले, बँकेच्या मॅडमही म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही १२ मार्चला, होळीच्या आदल्या दिवशी दस्त केला. आमची खरेदीची किंमत रेडीरेकनरच्या वर होती, त्यामुळे नव्या दरानं आमचं शुल्क फार हललं नसतं. पण पुढे वर्तमानपत्रात वाचलं की त्या एप्रिलला राज्यातल्या महापालिकांत सगळ्यात मोठी वाढ सोलापूरची होती, १०.१७ टक्के. ज्यांचा व्यवहार काठावर होता त्यांना ती नक्कीच जाणवली असणार. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे २८,०००. ती तीस हजारांच्या वर जात नाही. दुपारी दोनला आमचा नंबर लागला. बँकेचा डीडी विकणाऱ्यांच्या हातात गेला, मूळ दस्त बँकेकडे, आणि माझ्या हातात सूची दोनचा, म्हणजे दस्त नोंदल्याच्या उताऱ्याचा, कागद. त्यावर माझं नाव मराठीत छापलेलं होतं. मी ते तिथल्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा वाचलं.

पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. नव्या घरात गुढी उभारली, अम्मा-काकांना जेवायला बोलावलं. अम्मांनी घरभर फिरून आधी नळ सोडून बघितले. मग गच्चीवर जाऊन टाकी बघून आल्या.

एप्रिल महिना अंगावर आला. कर्जाचा पहिला हप्ता वीस हजारांच्या आसपास, जुन्या घराचं भाडं ९,०००, पतसंस्थेचा हप्ता, सोनेतारणाचं व्याज. दोघांचे पगार मिळून बावन्न हजार. पण हे सगळं ९ फेब्रुवारीलाच कागदावर होतं, त्यामुळे धक्का बसला नाही, फक्त काटकसर झाली. लेकीच्या वाढदिवसाला केक घरीच केला.

रोज संध्याकाळी सातनंतर मी जुन्या घरी जाऊन भाडेकरूंना घर दाखवायची. पाच कुटुंबं येऊन गेली. पाण्याचं विचारलं की मी खरं सांगायची, पाच दिवसांआड, पहाटे, दीड तास, बोअर नाही. दोघं तिथूनच परत गेले. नवरा म्हणाला, एवढं कशाला सांगतेस? मी म्हटलं, जून महिन्यात ते काकांना सोडून गेले तर आपण केलेलं सगळं वाया गेलं. सहावी आली ती नवऱ्याच्याच हॉस्पिटलमधली एक नर्स. तिचा नवरा एसटीत. हॉस्पिटल चालत पंधरा मिनिटांवर, म्हणून तिला पाण्याचं ओझं चालणार होतं. काकांनी त्या दोघांना बोळातल्या घरी बोलावून चहा पाजला आणि होकार दिला. भाडं ९,५०० ठरलं.

करारनामा तयार झाला तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि लॉक-इनचं कलम मोठ्यानं वाचायला लावलं. काकांना मीच विचारलं होतं, मुदत अकरा महिन्यांची आहे तर लॉक-इन सहा महिन्यांचं ठेवूया का? म्हणजे सोडलं तरी दिवाळीनंतर, आणि त्याआधी दोन महिन्यांची नोटीस. काकांनी दिनदर्शिकेची पानं उलटली, थोडा वेळ बोटांवर मोजलं आणि म्हणाले, चालतंय.

जुनं घर रिकामं करताना बाथरूमच्या फरशीवर आमच्या लोखंडी पिंपांची दोन गंजाची वर्तुळं निघाली. एकात एक अडकलेली, तपकिरी. लिंबू, सोडा, घासणी, सगळं करून बघितलं. एक गेलं, दुसरं फिकट झालं पण राहिलं. मी काकांना आधीच दाखवलं आणि फरशी बदलायची असेल तर डिपॉझिटमधून कापा म्हटलं. ते वाकून बघत राहिले. “नवी येतील त्यांचं पिंप बी हितंच बसणार,” म्हणाले आणि कापलं नाही. एका नळाचे ८०० आणि वीजबिलाचे ६४० एवढंच वजा केलं.

२७ एप्रिलला, रविवारी करार नोंदवणारा मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन काकांच्या घरी आला. नर्स आणि तिच्या नवऱ्याचे अंगठे लगेच लागले. मग अम्मांची पाळी. मागच्या वर्षी आमच्या कराराच्या वेळीही त्यांचा अंगठा लागत नव्हता. तेंदूची पानं कातरून, चिमटीत तंबाखू धरून, दोरा आवळून चाळीस वर्षांत बोटांच्या रेषाच पुसल्या गेल्यात. दिवसाला हजार विड्या. उजवा अंगठा ठेवला, यंत्र लाल झालं. डावा ठेवला, लाल. मुलानं ओल्या फडक्यानं बोटं पुसायला सांगितली, मी पुसून दिली. त्यांची बोटं टोकांना गुळगुळीत, एखाद्या जुन्या नाण्यासारखी लागत होती. तर्जनी, मधलं बोट, सगळी झाली. काका काळजीनं मुलाकडे बघत होते, कारण मालकिणीचा ठसा नाही तर करार नाही, आणि करार नाही तर आम्ही मेच्या भाड्याला बांधलेले.

डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट ठेवलं आणि यंत्र हिरवं झालं.

अम्मांनी हात तसाच यंत्रावर ठेवला होता. मुलगा म्हणाला, “झालं मावशी, घ्या हात.” काका आत गेले, कपाटातून पाकीट आणलं आणि माझ्यासमोर नोटा मोजल्या. २८,५६०. मी पाचशेच्या स्टॅम्पवरच्या आमच्या कागदावर ‘डिपॉझिट मिळाले’ असं लिहून सही केली, किल्ल्यांचा जुडगा नर्सच्या हातात दिला आणि तिला सांगितलं की परवा पाण्याचा दिवस आहे, पहाटे तीनला उठा.

दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जाऊन ती रक्कम भरली.